शकूबाईंची अर्धी शर्यत

भर शर्यतीत, समोरून येणाऱ्या नावेला मी हात हलवून "या, या!" म्हटलं होतं. दुसरं काही नाही. दारावरून ओळखीचं माणूस जाताना आपण हात करतो, तसाच. त्या नावेत पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि वर्ध्याकडच्या सुनेच्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं. गृहस्थ "थँक यू मॅडम" म्हणत आमच्या नाकासमोरून निघून गेले. आम्ही तिथेच शीड फडफडवत उभ्या. माझ्या मागे सुकाणू धरून बसलेल्या माझ्या नणंदेनं, शकूबाईनं, मोकळा हात कपाळावर मारून घेतला. आता सांगायला हरकत नाही, तेव्हा मी तरुण होते. एकोणसाठ वर्षांची. त्या वयात माणसाला पोच कमीच असतो.

शकूबाई गेल्या त्याला आता दीड महिना होईल. सकाळी सेलूहून त्यांच्या शेजारणीचा फोन आला. मी भाजी निवडत होते. "काकू, बाई उठून नाई राह्यल्या" एवढंच ती म्हणाली. आदल्या रविवारीच मी त्यांना धरणावर पाहिलं होतं. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्यात शिट्टी, गुडघ्यांवर ओला टॉवेल, आणि पाण्यावरच्या पोरींना उद्देशून तोंडाचा पट्टा चालू. मला निघताना म्हणाल्या, "वैनी, लोनचं घालशीन तं मिरची कमी टाकजो." शेवटचं बोलणं हे. मोठ्या माणसांची शेवटची वाक्यं मोठी असतात म्हणतात, आमच्या वाट्याला लोणचं आलं.

शकूबाई माझ्या यजमानांची धाकटी बहीण. सेलूच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहिल्या. कॉलेजात असताना नागपूरला छात्रसेनेच्या नाविक तुकडीत गेल्या आणि तलावावर शिडाची नाव चालवायला शिकल्या. इथून समुद्र किती लांब! आमच्या सासरी तर त्या काळी पाणी म्हणजे विहिरीचं नाही तर नदीचं, आणि नाव म्हणजे उखाण्यात घ्यायचं. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्यांनी कुठूनशी एक जुनी दोन माणसांची नाव मिळवली, टेम्पोत घालून धरणावर आणली आणि गावातल्या पोरींना शिकवायला लागल्या. लोक आधी हसले. मग आपापल्या पोरी घेऊन यायला लागले.

हसणाऱ्यांत मी पहिली होते, हेही सांगून टाकते. आमच्या घरात एक जुना विनोद होता... माझ्या लग्नात म्हणे करवली पळून गेली होती आणि तिला धरून आणावं लागलं. प्रत्येक लग्नकार्यात तो विनोद निघायचा, सगळे हसायचे, शकूबाईही हसायच्या. माझ्या लग्नाच्या फोटोत माझ्यामागे उभी असलेली करवली तव्यासारखी रापलेली आहे आणि तिच्या नाकाची साल निघालेली आहे. मी नवी नवरी. मनात म्हटलं, चला, नणंद काळी आहे, आपला रंग उठून दिसेल. एवढंच. इतकी रापली कुठं, नाकाची साल निघाली कशानं, असा प्रश्न माझ्या डोक्यात पुढची चाळीस वर्षं आला नाही. डोक्यात गजरा मावायचा, प्रश्नाला जागा नव्हती.

तर त्या वर्षी पुण्याकडच्या एका मोठ्या धरणावर शिडाच्या नावांच्या शर्यती होत्या. चार दिवस, रोज दोन-तीन फेऱ्या, सगळ्या दिवसांचे गुण एकत्र. शकूबाईंनी नाव नोंदवलं होतं. जोडीला त्यांची जुनी विद्यार्थिनी कोमल जाणार होती. ती जाम गावच्या चौकात स्कूटीवरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरात गेला. शकूबाई दुसऱ्या दिवशी बोरगावला आमच्याकडे हजर. चहा पिता पिता मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बाजारात गाय पाहतात तसं.

"वैनी, तू चाल."

"मी? मले काय येते त्यातलं?"

"काई येत नाई थेच बरं हाय. मले तुह्या अकलेची नाई, वजनाची गरज हाय."

खोटं नव्हतं ते. वारा जोराचा असला की शीड नावेला आडवं पाडू पाहतं. मग एका माणसानं तळाच्या पट्ट्यात पाय अडकवायचे आणि उलट्या बाजूला, पाण्यावर, पाठ टेकेल इतकं बाहेर झुकून नावेला तोलून धरायचं. जितकं वजन भारी तितकी नाव सरळ, आणि सरळ तितकी वेगात. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून सासूनं, शिंप्यानं आणि डॉक्टरनं मला बोल लावले, ती एकदाची कामाला येणार होती. पोहायला मला येत होतं, लहानपणी आमच्या वावरातल्या विहिरीत शिकलेलं. आमचे हे म्हणाले, "या वयात? लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "लोक म्हनतीन, बुडाली." आणि कपाटातून नातवाची ट्रॅक पँट काढली.

धरणावर सराव सुरू झाला तेव्हा पहिली अडचण आली ती बोलण्याची. लग्न झाल्यापासून मी नणंदेला 'शकूबाई, तुम्ही' म्हणत आलेली. वयानं त्या माझ्याहून जराशा लहानच, पण नणंदेचा मान. आणि इथं नाव वळवताना मधला आडवा दांडा या बाजूचा त्या बाजूला असा सणकन येतो की "शकूबाई, तुम्ही जरा डोकं खाली घेता का" म्हणेपर्यंत डोकं राहत नाही. दोन टेंगळं आल्यावर त्या म्हणाल्या, "वैनी, नावेत 'तुमी' बसत नाई, जागा कमी हाय." मग 'ओढ', 'सोड', 'वाक' सुरू झालं. मी त्यांना 'शकू' म्हणायला लागले. आणि जमिनीवर पाय लागला की पुन्हा शकूबाई! पोरी काठावर बसून खिदळायच्या.

शर्यतीच्या ठिकाणी आमच्यासारख्या आम्हीच. बाकीच्यांच्या अंगाला चिकटलेले काळे कपडे, हातात मोजे, डोळ्यांवर गॉगल. आमच्याकडे तिखट पुऱ्यांचा डबा आणि मी. पहिल्या दिवशी वारा दणकून होता आणि माझं सोनं झालं. हलक्याफुलक्या पोरापोरींच्या नावा उलटत होत्या, माझी नाव उलटायला मीच हलले पाहिजे. शेवटच्या फेरीत आम्ही चक्क अर्ध्या जणांच्या पुढे. मांड्या आणि पोट असं दुखत होतं की रात्री कूस बदलायला शकूबाईला हाक मारावी लागली, पण मनात मी एव्हाना ऑलिंपिकला पोचले होते.

दुसऱ्या दिवशी ते 'या, या' झालं. पाण्यावरचा नियम असा की ज्या नावेला वारा उजवीकडून लागतो तिची वाट हक्काची. डावीकडून वारा घेणाऱ्यानं तिला वाट द्यायची. टोपीवाले गृहस्थ डावीकडून वारा घेऊन आले होते, वळायच्या तयारीत होते. पण हक्क असलेल्या नावेनं स्वतःहून हात केला, तर त्याचा अर्थ 'जा तुम्ही पुढं' असा होतो. ते गेले. त्यांना जाऊ द्यायला आम्हाला नाव वाऱ्यात तोंड करून थांबवावी लागली, आणि थांबलेली नाव पुन्हा चालू होईपर्यंत आणखी चार जण गेले. सगळ्यांनी जाताना हसून पाहिलं. मी तेव्हाही हसून मान हलवली. सवय!

संध्याकाळी नाव काठावर ओढून आम्ही तिच्या सावलीत बसलो होतो. शकूबाई दोराच्या गाठी सोडत होत्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या एवढंच म्हणाल्या, "वाट आपली होती, वैनी. आपली वाट असली का हात नाई दाखवायचा."

मी आपली सारवासारव करायला गेले. "नंबर तसाबी येनार नव्हता, शकूबाई. कावून एवढं लावून घेता जिवाले?"

"नंबर कोनाले पाह्यजे व? मले पुरी करायची हाय. पहिल्या दिवसापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत. एक डाव तरी."

"मंग याच्या आधी नाई केली का कधी?"

"एकदा गेलतो. कॉलेजात असताना. पाच दिवसाची होती, तिसऱ्या दिवसापर्यंत आमी दुसऱ्या नंबरवर होतो." गाठ सुटत नव्हती, ती त्यांनी दातात धरली, मग सोडून दिली. "मामा पिशवी घेऊन काठावर उभा होता. शर्यतीच्या तारखा मागं-पुढं झाल्या होत्या. मी दादाले म्हनलं होतं, चार दिवस लगन पुढं घे ना रे. तो म्हने, तारीख हलत नाई."

"कोनाचं लगन?" मी विचारलं. बघा, इतकी हुशार मी.

"तुह्यं," शकूबाई म्हणाल्या, आणि हसायलाच लागल्या. "करवली पळाली होती ना, थे."

मला हसता आलं नाही. घरातला तो विनोद मी किती वेळा सांगितला होता, किती पंगतींत... त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं, मी भांडले असते. त्यानंतर नोकरी लागली, आईचं आजारपण निघालं, शाळेच्या सुट्ट्या आणि शर्यतींच्या तारखा कधी जुळल्या नाहीत. एवढंच त्या बोलल्या आणि पुन्हा गाठीकडे वळल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या फेऱ्या आटोपून आम्ही काठावर येतो न येतो तोच माझा फोन वाजला. आमचे हे. धाकटीला पाहायला नागपूरचे पाहुणे येणार, उद्याच, मी हो म्हणून बसलो, तू आत्ताच गाडी पकड. मी म्हटलं, उद्या आमचा शेवटचा दिवस आहे. ते म्हणाले, पाहुणे मोठे आहेत, स्थळ चांगलं आहे, आई घरात नाही हे कसं दिसेल? शकूबाई दोन पावलांवर शीड गुंडाळत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. माझ्याशिवाय त्यांना उद्या पाण्यात उतरता येणार नव्हतं, दोन माणसांची नाव होती ती. पण त्या वर न बघता म्हणाल्या, "जा तू, वैनी. पोरीचं लगन मोठं. मी पाह्यतो काईतरी."

काय पाहणार होत्या? काही पाहण्यासारखं नव्हतं. आणि मला दिसली ती फोटोतली करवली, साल निघालेल्या नाकाची. मी फोनमध्ये म्हटलं, "पाहुन्याईले सोमवारी बोलवा."

"असं सांगता येते का?"

"मंग तुमीच करा पोहे. शेंगदाने डाव्या डब्यात हायत." आणि फोन ठेवला. उभ्या आयुष्यात मी यांच्याआधी फोन ठेवला तो हा पहिला. शकूबाई गुंडाळलेलं शीड छातीशी धरून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "डाव्या डब्यात तं साबुदाना असते तुह्या."

शेवटच्या दिवशी वारा पडला. आदल्या दिवसांत माझं वजन वरदान होतं, आता तोच धोंडा. हलक्या पोरी पाकोळ्यांसारख्या पुढे गेल्या आणि आम्ही पाण्यावर ठेवलेल्या पाटावरवंट्यासारख्या. नियम असा की पहिली नाव पोचल्यानंतर ठरावीक वेळेच्या आत बाकीच्यांनी पोचायचं. नाहीतर ती फेरी तुमची पुरी झालीच नाही. पहिल्या नावेचा भोंगा आम्ही लांबूनच ऐकला. शकूबाईनं मला खालच्या बाजूला बसवलं, नाव किंचित कलली की मरगळलेलं शीड स्वतःच्या वजनानं आकार धरतं म्हणून. "आता हालू नोको," म्हणाल्या. थोड्या वेळानं, "बोलूबी नोको. तू बोलली का नाव हालते." मी श्वासही उसना घेतल्यासारखा घेत होते. माझ्या मांडीवर एक माशी येऊन बसली, ती तिथं सुखानं नांदली. मागे शकूबाई बोट ओलं करून वर धरायच्या, वाऱ्याची झुळूक कुठून येते ते त्वचेला विचारायच्या आणि सुकाणू केसभर हलवायच्या. पाण्यावर दूर कुठं सुरकुती दिसली की तिकडे जायचं, तिथली झुळूक संपली की पुढची शोधायची. टोपीवाले गृहस्थ आपली नाव केव्हाच पोचवून पंचांच्या बोटीवर उभे राहून घड्याळ बघताना दिसले. मी देवाचं नाव घेत होते, पण मनातल्या मनात, देव तरी हलेल म्हणून भीती.

शेवटच्या नारिंगी बोयाशी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या फुग्याशी, आलो आणि वारा सपशेल गेला. नाव नुसती तरंगत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं... तेव्हा पाठीमागून, डोंगराच्या कुशीतून, एक साधी, गरीब झुळूक आली. आपल्याकडे दुपारच्या वेळी पडदा हलतो ना, तेवढीच. शकूबाई पुटपुटल्या, "ये माय, ये." नाव सरकली. सरकत सरकत तिनं रेघ ओलांडली आणि भोंगा वाजला. आमच्यासाठी. सगळ्यांत शेवटी, पण वेळेच्या आत.

मी तशीच आवळून बसलेली. मला वळून बघायचं होतं, पण मनाई! शेवटी मागून शकूबाईचा आवाज आला, "वैनी, आता हाल."

इतकी हलले की आम्ही दोघीही पाण्यात.

घरी परत आलो तर पाहुण्यांनी पोहे खाऊन, साबुदाण्यासकट, मुलगी पसंत केलेली. म्हणजे माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. हे कळल्यावर मला आनंद झाला की अपमान वाटला, ते अजून ठरलेलं नाही. आमच्या ह्यांनी मात्र शर्यतीबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. बहिणीशी बोलायचे, हवापाण्याचं, पिकाचं. ते चार दिवस जणू झालेच नव्हते. शकूबाईंनी तगादा लावला नाही. त्यांचं पुढं फार छान चाललं. कोमलचा पाय बरा झाला, ती शिकवायला लागली, एका नावेच्या तीन झाल्या, आणि धरणावरच्या पोरी बाहेरगावच्या शर्यतींना जायला लागल्या. प्रत्येक पोरीला त्या एकच गोष्ट सांगायच्या, नंबर घेऊन नाही आली तरी चालेल, पुरी करून ये.

त्या गेल्या तेव्हा कोमल पोरींना घेऊन अशाच एका शर्यतीला निघायच्या तयारीत होती. ती म्हणाली, जात नाही. मीच तिला पाठवलं. तिकडं शर्यतीचा शेवटचा दिवस आणि इकडं तेरवी, हे दोन्ही एकाच दिवशी येत होतं. तो हिशेब माझ्या लक्षातच आला नाही. या बाबतीत मी अजून एकोणसाठचीच आहे.

तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही नवरा-बायको सेलूला त्यांच्या घरी होतो. अंगणात भांडी घासून पालथी घातलेली, आचारी सांगून ठेवलेला, चुलतघरचे लोक सकाळी यायचे. कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला शकूबाईंनी जुन्या ओढणीची चिंधी बांधलेली आहे. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी त्या ती चिंधी बघायच्या, वारा कोणीकडचा आहे म्हणून. सगळं घर आवरून झालं, पण ती सोडायला कोणाचा हात गेला नव्हता. ऊन कलत होतं, चिंधी हलत होती, आणि आमचे हे तिच्याकडे तोंड करून पायरीवर बसले होते. तेवढ्यात कोमलचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर ठेवला, मला हल्ली कमी ऐकू येतं.

"काकू, आमी निघून राह्यलो. आताची गाडी पकडतो, सकाळपर्यंत पोचतो. उद्याच्या फेऱ्या सोडतो. बाईंच्या तेरवीले पोरी नाई म्हनजे काय..." तिच्या मागे पोरींचं रडणं ऐकू येत होतं. "दुसऱ्या नंबरवर हाओ, काकू. पन जाऊ द्या."

पाहुणे सांगितलेले, महाराज ठरलेले, आणि तारखेच्या बाबतीत हा माणूस कसा आहे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? मी फोनवर हात ठेवला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. चिंधीकडे बघत होते. कोमल तिकडून "काकू? काकू?" करत होती. मग हे पायरीला हात टेकून उठले, धोतराचा सोगा सावरला आणि मला म्हणाले,

"सांग त्याईले, पुरी करूनच येजा म्हना. तेरवी थांबते."